कामातल्या आनंदावर बोलायला उभं राहताना

मार्च उजाडला की फोन सुरू होतात. आठ तारखेला महिला दिन, वीस तारखेला संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला आंतरराष्ट्रीय आनंद दिन, पुढे १ मे. "मॅडम, आमच्या स्टाफसमोर तासभर काहीतरी पॉझिटिव्ह बोला ना, कामातल्या आनंदावर." मुंबईत अशा भाषणांना मागणी भरपूर आहे आणि मराठीतून नीट बोलणारी माणसं कमी पडतात. मी वीस वर्षं बँकेत नोकरी केली आणि गेली नऊ वर्षं हे काम करते आहे. ओळखीतली तरुण मुलं आणि निवृत्त झालेले सहकारी मला विचारतात, आम्हालाही बोलायचंय, सुरुवात कुठून करू? हे त्यांच्यासाठी. काम ज्या क्रमाने करावं लागतं, त्याच क्रमाने सांगते.

आधी जागा बघून या

भाषण लिहायला बसण्याआधी, जिथे बोलायचंय तिथे एकदा जाऊन या. माझ्या दुसऱ्याच कार्यक्रमाला मी हे केलं नव्हतं. अंधेरी पूर्वेला कपडे शिवण्याचं एक युनिट होतं, महिला दिनाचा कार्यक्रम. मशिनींच्या रांगांमधल्या मोकळ्या जागेत सतरंजी घातलेली आणि तिच्यावर दीडेकशे बायका. कुणाच्या ओढणीला धागे चिकटलेले, कुणाच्या बोटाला पट्टी. मी डेन्मार्कबद्दल रंगून सांगत होते : तिकडे आठवड्याला साधारण ३७ तास काम, पाच आठवडे भरपगारी रजा. तिसऱ्या रांगेतल्या एका ताईंनी हात वर केला. "मॅडम, तिकडे लघवीला जायचं तर टोकन घ्यावं लागतं का?"

कुणी हसलं नाही. टोकन म्हणजे काय, हेच मला कळलं नव्हतं. कार्यक्रमानंतर एका मुलीने हळूच नेऊन दाखवलं. सुपरवायझरच्या टेबलामागे भिंतीत एक खिळा होता आणि त्याला भोक पाडलेल्या दोन लाल प्लॅस्टिकच्या चकत्या अडकवलेल्या. पंचेचाळीस बायकांच्या लाइनला दोन टोकनं. जिला जायचं तिने एक घ्यायचं आणि परत आणून लावायचं, तोवर तिसरीने थांबायचं. मग माझं लक्ष मशिनींजवळच्या पाण्याच्या बाटल्यांकडे गेलं. दुपारचे तीन वाजले होते आणि बहुतेक बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. जायला लागू नये म्हणून बायका पाणीच पीत नव्हत्या. माझ्या तासाभराच्या बोलण्यातला एक शब्दही त्या खिळ्यापर्यंत पोचला नव्हता.

तेव्हापासून मी आयोजकांना पहिल्याच फोनवर सांगते : कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी मी तासभर येईन आणि स्टाफमधल्या चार-पाच जणांशी बोलेन. साहेब लोक त्या वेळी खोलीत नसावेत. त्या पाचांत हाउसकीपिंगच्या मावशी किंवा गेटवरचे वॉचमन यांच्यापैकी कुणीतरी हवंच, कारण ते कंत्राटदाराकडून आलेले असतात आणि कंपनीच्या कुठल्याही सर्वेक्षणात त्यांना कुणी विचारत नाही. "तुम्ही खुश आहात का?" असं विचारू नका. "हो मॅडम, सगळं चांगलं आहे," यापलीकडे उत्तर येणार नाही. या आठवड्यात कुठलं काम हातावेगळं झाल्यावर बरं वाटलं, ते विचारा. आणि कुठल्या गोष्टीमुळे घरी गेल्यावरही डोकं शांत होत नाही, तेही विचारा. उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या, नावं मात्र लिहू नका. लोक जेवायला कुठे बसतात, नोटीस बोर्डावर शेवटचा कागद कधीचा आहे, हॉलमध्ये मागच्या खुर्चीवरून व्यासपीठ दिसतं का, हे जाता जाता पाहून घ्या.

एकच वाक्य ठरवा

घरी आल्यावर वही उघडा आणि या लोकांसमोर सांगायचं एकच वाक्य काढा. नवखे लोक इथे घसरतात. त्यांना ध्यान, कृतज्ञता, वेळेचं नियोजन, आहार सगळंच सांगायचं असतं.

वाक्य काढताना मला एका जुन्या अभ्यासाचा उपयोग होतो. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनीअर आणि हिशेबनीसांना विचारलं होतं, कामावर फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं? १९५९ साली निष्कर्ष छापले गेले. वाईट वाटण्याच्या गोष्टींत कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाच्या जागेची स्थिती असं येत होतं. बरं वाटण्याच्या गोष्टींत काहीतरी साधलं, कुणीतरी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, काम स्वतःच आवडलं, असं येत होतं. म्हणजे दोन्हींची कारणं वेगवेगळी. या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले. चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईट झालं की परिस्थितीला दोष देतो, असं टीकाकारांचं म्हणणं. तरी नव्या वक्त्याला त्यातून एक पक्की गोष्ट मिळते. पंखा बसवला की उकाड्याची तक्रार जाते, पण पंख्यासाठी कुणी कामावर जीव लावत नाही. आणि जिथे पंखाच नाही, तिथे "छान काम केलंस" हे शब्द घामात वाहून जातात.

तर तुमच्या वहीत पंख्याच्या तक्रारी जास्त आहेत की दखल न घेतल्याच्या, ते आधी पाहा. मालाडच्या एका कॉल सेंटरसाठी माझं वाक्य होतं, "शिफ्ट संपल्यावर फोन बंद ठेवणं हा आळस नाही." परळच्या एका रुग्णालयातल्या परिचारिकांसमोर वाक्य होतं, "तुमच्या हातून काय चांगलं झालं, हे तुम्हाला कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं." त्या दिवशी परिचारिकांनीच एकमेकींबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मला अर्धं भाषण गुंडाळावं लागलं. मला त्याचा फार आनंद झाला.

जगातले दोनच दाखले घ्या

या विषयावर बोलायचं म्हटलं की जगभरातली उदाहरणं हाताशी असतात आणि दहा देश फिरवून आणायचा मोह होतो. दोन पुरेत. पण ते कसे सांगायचे, याला माझ्या लेखी सगळ्यात जास्त महत्त्व आहे.

"तिकडचे लोक मुळातच आनंदी असतात," असं कधीही म्हणू नका. एक तर ते खरं नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे दोष आपल्यातच आहे. तिथला कामातला आनंद कुणीतरी बसून, भांडून, आकडे मांडून घडवलेला आहे. प्रत्येक दाखल्यात तीन गोष्टी यायला हव्यात : आधी काय होतं, कुणी काय बदललं आणि त्यासाठी काय सोडावं लागलं.

आइसलँडचं घ्या. २०१५ ते २०१९ या काळात तिथे सरकारी आणि रेक्याविक महापालिकेच्या नोकरीतल्या सुमारे २,५०० लोकांवर प्रयोग झाला. आठवड्याचे तास ४० वरून ३५-३६ वर आणले, पगार तेवढाच ठेवला. काम तुंबलं नाही, लोकांचा थकवा मात्र कमी झाला. इथवर सगळेच सांगतात. पण ते जमलं कसं? मीटिंगा कमी आणि आटोपशीर केल्या, पाळ्यांची फेरआखणी केली, नको ती कामं काढून टाकली. हे सांगितलं की समोरचा क्लार्क मनात स्वतःच्या ऑफिसातल्या मीटिंगा मोजायला लागतो. तुम्हाला तेच हवंय.

जपानचा दाखला उलट्या बाजूचा आहे आणि मुंबईला तो लगेच कळतो. तिथे "कारोशी" असा शब्दच आहे, अतिकामामुळे येणारा मृत्यू. घरच्यांनी वर्षानुवर्षं खटले लढवले, २०१४ मध्ये कारोशी रोखण्यासाठी कायदा झाला, आणि एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्यांत ओव्हरटाइमला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची सर्वसाधारण मर्यादा आली. गर्दीच्या हंगामात त्यात सवलत आहे, तीही सांगा. अर्धवट सांगितलेला कायदा ऐकणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी घरी जाऊन तपासतोच. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून दूर राहण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाट करणं बंधनकारक झालं. बंदी घातली असं नाही. वाटाघाट, हा शब्द जपून वापरा.

डॅनिश भाषेत कामातल्या आनंदासाठी एकच जोडशब्द आहे. काम आणि आनंद हे दोन शब्द सरळ चिकटवलेले, उच्चार साधारण "आर्बाय्ड्सग्लेद". स्वीडिश, नॉर्वेजियन भाषांतही असा शब्द आहे. तो फळ्यावर लिहा आणि विचारा, आपल्याकडे याला काय म्हणाल? डोंबिवलीच्या एका कारखान्यात एका वेल्डर काकांनी सांगितलं, "हात बसणं." काम हातात असं बसतं की वेळ कळत नाही. तेव्हापासून मी तो डॅनिश शब्द सांगायचा सोडला आणि "हात बसणं" सांगते.

एक चूक हमखास होते, ती टाळा. "फिनलंड जगात सगळ्यात आनंदी, म्हणजे तिथले लोक कामावर सगळ्यात खुश," असं लोक बेधडक बोलतात. जागतिक आनंद अहवालात फिनलंड २०१८ ते २०२५ सलग पहिला होता हे खरं. पण त्या क्रमवारीचा आधार असलेला प्रश्न एकूण आयुष्याबद्दल आहे. शून्य ते दहा अशा शिडीवर तुम्ही आज कुठल्या पायरीवर आहात, असा तो प्रश्न. ऑफिसबद्दल त्यात काही नाही. भूतानचं सकल राष्ट्रीय आनंदाचं मोजमाप वेगळं. त्याच्या नऊ क्षेत्रांत "वेळेचा वापर" हेही एक क्षेत्र आहे. बदलापूरहून रोज चर्चगेटकडे जाणाऱ्या माणसाला हे सांगून पाहा. त्याचे दिवसातले किती तास लोकलमध्ये जातात, याचा हिशेब तो तोंडपाठ सांगेल.

वरच्या देशांतला एकच निवडा, आणि मुंबईत बोलत असाल तर दुसरा दाखला मुंबईचाच घ्या. मी तर तो प्रत्येक ठिकाणी देते. १८८० च्या दशकात इथल्या कापड गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि "दीनबंधू"चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सह्यांची निवेदनं दिली, सभा घेतल्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्यात दोन कामगार स्त्रियांनी उठून भाषणं केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

माइक नाही, स्लाइड नाही, दिवसभर उभं राहून दुखणारे पाय, आणि दहा हजार माणसांसमोर त्या दोघी सुट्टी मागायला उभ्या राहिल्या. व्यासपीठावर चढताना घशाला कोरड पडली की मी त्यांना आठवते. कामातल्या आनंदावर या शहरात झालेलं मोठं भाषण मी त्यांचंच मानते. लालबागच्या एका कार्यक्रमात हे सांगितलं तेव्हा शेवटच्या रांगेतले एक आजोबा उठून म्हणाले, "माझी आजी गिरणीत होती." मग पाच मिनिटं तेच बोलले आणि सगळा हॉल ऐकत राहिला.

मांडणी कीर्तनासारखी

भाषणाची रचना शिकायला आपल्याला लांब जायला नको. कीर्तनकार पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचा अर्थ उलगडतो आणि उत्तररंगात त्यालाच धरून आख्यान लावतो. आपणही तेच करायचं. आधी आपलं एक वाक्य आणि त्याचा अर्थ, मग गोष्टी. प्रत्येक गोष्ट संपली की त्या वाक्याकडे परत यायचं, जसे कीर्तनकार ध्रुपदावर येतात. तुमच्या घराजवळच्या देवळात सप्ताह असेल तर दोन संध्याकाळी जाऊन बसा आणि बुवा कुठे थांबतात, एवढंच बघा.

पहिली दोन मिनिटं आणि शेवटचं एक मिनिट शब्दशः लिहून पाठ करा, मधलं फक्त मुद्द्यांवर. सुरुवातीला "मी काही मोठी वक्ता नाही" वगैरे नको. त्या जागेत जे ऐकलंत त्यातलं एक वाक्य, नाव न घेता, तिथून सुरू करा. स्लाइड करायच्याच असतील तर पाच-सहा फोटो पुरेत. मजकुराच्या स्लाइड लोक वाचत बसतात आणि तुम्हाला ऐकत नाहीत.

भाषेचं आधीच विचारून ठेवा. मुंबईत निव्वळ मराठी श्रोते क्वचितच मिळतात. मी मराठीत बोलते आणि महत्त्वाचं वाक्य तेवढं हिंदीतही सांगते. शब्दाला शब्द भाषांतर करत बसलात तर दोन्हीकडचे लोक कंटाळतात.

सराव

मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि भांडी घासताना ऐका. स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटेल, ती तिसऱ्या वेळी जाते. सोसायटीच्या हॉलमध्ये शेजारच्या सहा-सात जणांना बोलवा, चहा पाजा आणि त्यांच्यासमोर उभं राहून बोला. टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करून घेणाऱ्या संस्थेचे क्लब मुंबईत बऱ्याच ठिकाणी आहेत. तिथे वेळेसाठी हिरवा, पिवळा, लाल अशी खूण दाखवतात आणि तुम्ही किती वेळा "अं… अं…" केलंत तेही कुणीतरी मोजत असतं. तीन-चार महिने गेलात तरी फरक पडतो.

त्या दिवशी

एक तास आधी पोचा. रविवार असेल तर मेगाब्लॉक बघून निघा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोरड्या चपला आणि रुमाल पिशवीत ठेवा. गेल्यावर आधी माइक तपासा. साडी नेसणाऱ्या वक्त्यांसाठी सांगते : कॉलर माइक पदराच्या बाजूला लावला की पदर घासून भाषणभर खरखर होते, तो दुसऱ्या खांद्याकडे लावून घ्या. त्याची बॅटरीची डबी अडकवायला साडीला जागा नसते. परकराच्या नाडीला नीट अडकत नसेल तर सरळ हातातला माइक मागून घ्या.

तुम्हाला तास सांगितलेला असला तरी दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि शाल-श्रीफळ यांत वीस मिनिटं जातात. म्हणून चाळीस मिनिटांचं भाषण तयार असू द्या आणि त्यातून पंचवीस मिनिटांचं कसं काढायचं, तेही आधी ठरवा. जेवणानंतरची वेळ दिली असेल तर एसीचा गारवा थोडा वाढवायला सांगा आणि दहा मिनिटांनी लोकांना शेजाऱ्याशी बोलायला लावा : "या महिन्यात तुझ्या हातून झालेलं एक चांगलं काम सांग." दोन मिनिटांत हॉल जागा होतो.

प्रश्नोत्तरं आणि पुढच्या रांगेतले साहेब

पुढच्या रांगेत मॅनेजर बसलेले असतील तर मागचे लोक तोंड उघडत नाहीत. प्रश्न चिठ्ठीवर मागवा. चिठ्ठ्या तुम्ही स्वतः गोळा करा आणि वाचून झाल्यावर स्वतःच्या पिशवीत ठेवा. अक्षरावरून माणूस ओळखू येतो, म्हणून त्या टेबलावर सोडून कधीही निघू नका.

चिठ्ठीत पगाराची, रजेची, वागणुकीची तक्रार येणारच. "सकारात्मक राहा" असं उत्तर दिलंत तर पुढची चिठ्ठी येणार नाही. "हे तुमचं म्हणणं खरं आहे, याचं उत्तर माझ्या हातात नाही, पण हे योग्य ठिकाणी पोचवणं माझ्या हातात आहे," असं सरळ सांगा आणि मग खरोखर पोचवा. कधी कार्यक्रमानंतर कुणीतरी बाजूला घेऊन रडतं. त्या वेळी सल्ला देऊ नका, घड्याळ बघू नका, फक्त ऐका. आपण डॉक्टर नाही हे लक्षात ठेवून त्यांना १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लिहून द्या. ही केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य मदतवाहिनी आहे, मराठीतूनही बोलता येतं.

मानधनाचं आधीच, लेखी ठरवा. सेवाभावी संस्था, महिला मंडळं, वाचनालयं यांच्याकडून घेऊ नका आणि कंपन्यांकडून संकोच न करता मागा.

आठवड्याभरात एक पत्र

कार्यक्रम संपला की फोटो पाठवून मोकळं होऊ नका. आठवड्याच्या आत आयोजकांना एका पानाचं पत्र लिहा. लोक काय बोलले ते नावांशिवाय, आणि फार खर्च न येता बदलता येईल अशी एकच गोष्ट. पाच गोष्टी लिहिल्यात तर एकही होत नाही.

अंधेरीच्या त्या युनिटला मी टोकनांबद्दल लिहिलं होतं. विचारणाऱ्या ताईंचा उल्लेख केला नाही, टोकनं मीच पाहिली असं लिहिलं, आणि ते खरंही होतं. उत्तर आलं नाही. मी महिन्याने फोन केला, मग पुन्हा एक पत्र दिलं. पुढच्या मार्चमध्ये त्यांनीच परत बोलावलं. सुपरवायझरच्या टेबलामागे खिळा होता, त्याला आता कॅलेंडर लटकत होतं. भाषण सुरू करण्याआधी मी मशिनींच्या रांगांमधून एक चक्कर मारली. दुपारचे तीन वाजले होते. बाटल्या बहुतेक अर्ध्या रिकाम्या झाल्या होत्या.